म्यानमारमधल्या यांगूनमध्ये एकच दिवस आहे. कोणती बौद्ध मंदिरं पाहावीत?

श्वेडगॉन पॅगोडा पाहाच, पण दुपारी चारनंतर. सकाळ बोटाटाउंग आणि चौखटाजीला द्या. कारण साधं आहे: सगळीकडे अनवाणी फिरावं लागतं, मोजेही चालत नाहीत, आणि श्वेडगॉनची संगमरवरी फरशी भर दुपारी तव्यासारखी तापते. संध्याकाळी फरशी निवते, दिवे लागतात आणि ऑफिसातून सुटलेली माणसं जपाला बसतात. खरी बर्मी संस्कृती तिथंच दिसते. मुख्य स्तूप जवळपास 100 मीटर उंच आहे. त्याच्याभोवती जन्मवारांची आठ स्थानं आहेत (बुधवारचे सकाळ-दुपार असे दोन भाग), तेव्हा आपला वार घरूनच शोधून जा. तिथं लोक बुद्धमूर्तीला पाणी घालतात, तुम्हीही घाला. प्रदक्षिणा आपल्यासारखीच, उजवीकडून. बोटाटाउंगचा स्तूप आतून पोकळ आहे, चक्क आत फिरता येतं. चौखटाजीत सुमारे 65 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे; त्याच्या तळपायांवरची 108 चिन्हं चुकवू नका. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. मात्र 2021 च्या लष्करी उठावापासून परिस्थिती अस्थिर आहे, म्हणून तिकीट काढण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचा.