खेड्यातलं ज्यू बालपण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

हिटलरच्या आधीच्या जर्मनीत खेड्यापाड्यांत वाढलेल्या ज्यू मुलांविषयी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतल्या काही प्रश्नांना आज उत्तर देते.

ज्यू म्हटलं की शहरातले डॉक्टर, वकील, पेढीवाले डोळ्यांपुढे येतात. खेड्यात ते काय करत? (सांगली)

बहुतेक जण गुरांचा व्यापार करत. पंधराव्या-सोळाव्या शतकांत जर्मनीतल्या बऱ्याच मोठ्या शहरांनी ज्यूंना हाकलून लावलं. छोट्या-मोठ्या सरदारांनी संरक्षणाचा कर घेऊन त्यांना आपल्या गावांत ठेवून घेतलं. पण शेतजमीन घ्यायची नाही आणि कारागिरांच्या संघातही शिरायचं नाही, अशी बंधनं होती. मग गुरं, कापड, फेरी एवढंच उरलं. दक्षिण जर्मनीतलं, होर्बजवळचं रेक्सिंगन हे असंच एक गाव. तिथे एकेकाळी दर तिसरा माणूस ज्यू होता.

सौदा हातावर हात मारून ठरायचा. हे हेडी, म्हणजे गुरांचे व्यापारी, आपसांत बोलताना हिब्रू शब्द पेरत. गायीला 'पारा' म्हणत, घोड्याला 'सुस', आणि आकडेही हिब्रूच. आपल्या बाजारातले दलाल रुमालाखाली बोटं दाबतात, तशातलीच ही गत. बाजाराला येणाऱ्या शेतकऱ्यांनाही हळूहळू ते शब्द कळायला लागले होते.

मुलांचे दिवस कसे जात? सणवार काय असत? (नाशिक, एक शिक्षिका)

आठवडाभर वडील गावोगाव फिरत आणि शुक्रवारी दुपारी परतत. मुलांचा आठवडा त्या परतण्याभोवती फिरायचा. शब्बाथसाठी, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसासाठी, उकडलेला बटाटा घालून मळलेला, वेणी घातलेला, वरून खसखस लावलेला पाव असे. त्याला 'बेर्खेस' म्हणत. शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही म्हणून शुक्रवारीच जेवणाचं भांडं भट्टीत ठेवून द्यायचे. शनिवारी शेजारची ख्रिस्ती बाई किंवा तिचा मुलगा येऊन शेगडी पेटवून देई. वल्हांडणाच्या सणाला बिनखमिराच्या भाकरी शेजाऱ्यांकडे जात, ईस्टरला तिकडून रंगवलेली अंडी येत. ख्रिस्ती शाळेत जाणारी ज्यू मुलं शनिवारी वर्गात बसत, पण लेखणी हातात धरत नसत.

माझा जीव मात्र एका पट्टीत अडकलाय. सुंतेच्या वेळी बाळाला ज्या दुपट्यात गुंडाळत, ते धुऊन त्याच्या चार पट्ट्या कापायच्या आणि टोकाला टोक शिवायचं. मग हातभर रुंदीपेक्षा कमी पण तीनेक मीटर लांब अशी एकच पट्टी तयार होते. तिच्यावर बाळाचं नाव, जन्मतारीख आणि एक आशीर्वाद रेशमाने भरायचा : 'तोरा, लग्नमंडप आणि सत्कर्मं यांच्यासाठी मोठा हो.' (तोरा म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ.) मुलगा तीनेक वर्षांचा झाला की तो स्वतः ती सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, घेऊन जाई आणि ती तोराच्या गुंडाळीला बांधत. अशा पट्ट्या पुढे जुन्या सिनेगॉगांच्या पोटमाळ्यांवर सापडल्या. काहींवर अक्षरांच्या मध्ये फुलं, पक्षी भरलेले आहेत. आईने दिवे लागणीला बसून घातलेला तो टाका पाहिला, की या मुलांना नुसतं 'बळी' म्हणणं मला जमत नाही.

हे आपल्या बेने इस्रायलींसारखंच झालं ना? (अलिबाग)

काही बाबतींत हो. बेने इस्रायली म्हणजे कोकणातले ज्यू, आणि त्यांनाही गावाने त्यांच्या कामावरून आणि सुट्टीवरून ओळखलं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली'. आडनावं गावांवरून, पेणकर, रोहेकर. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने पोहे-नारळाचा मलिदा होतो, तो तर थेट या मातीतला. फरक पुढचा आहे, आणि तो फार मोठा आहे. इथे त्यांच्यावर कुठलं सरकार उलटलं नाही.

शेजारी एका रात्रीत बदलले का? मुलांना कधी कळलं? (पुणे)

एका रात्रीत नाही. १ एप्रिल १९३३ ला देशभर ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार झाला. तरी बरेच शेतकरी त्यानंतरही जुन्याच हेड्याकडून गाय घेत राहिले, कारण उधारी आणि विश्वास पिढ्यांचा होता. मग तसा व्यवहार करणाऱ्यांना धमकावलं जाऊ लागलं आणि १९३७ पासून ज्यूंचे गुरांच्या व्यापाराचे परवाने काढून घेतले जाऊ लागले. मोठी माणसं हिशेब मांडत होती. मुलांना ते आधी कळलं. बाकावर शेजारी कोणी बसेना, वाढदिवसाचं बोलावणं येईना, काल खेळलेला मित्र रस्ता ओलांडून जाई. नोव्हेंबर १९३८ मध्ये तर ज्यू मुलांना जर्मन शाळांतून काढूनच टाकलं. शेगडी पेटवायला येणाऱ्या मुलाने केव्हातरी येणं बंद केलं असेल, त्या दिवसाचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

रेक्सिंगनच्या लोकांचं पुढे काय झालं? (ठाणे)

त्यांच्यातल्या एका गटाने मिळून गाव सोडलं आणि १९३८ मध्ये तेव्हाच्या पॅलेस्टाइनमध्ये, अक्कोच्या उत्तरेला समुद्रकाठी 'शावेई त्सियोन' ही वस्ती उभारली. गुरांचे व्यापारी तिथे शेतकरी झाले. जे मागे राहिले, त्यांतल्या अनेकांना १ डिसेंबर १९४१ ला श्टुटगार्टहून निघालेल्या गाडीने लाटव्हियातल्या रीगाला नेलं. त्या गाडीत साधारण हजार माणसं होती, मुलंही होती, आणि त्यांतली फार थोडी वाचली. रेक्सिंगनच्या सिनेगॉगमध्ये १९५२ पासून चर्च भरतं, आणि तिथली तोराची एक गुंडाळी शावेई त्सियोनमध्ये जपून ठेवलेली आहे.