एन्झाइम फितींचं असतं का?

प्रश्न : मुलाच्या जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकात 'एचजीपीआरटी' या मानवी एन्झाइमचं रंगीत फितींचं चित्र आहे. खाली 'स्फटिक-रचना, २.५ अँगस्ट्रॉम' असं छापलंय. एन्झाइम खरंच असं दिसतं का? आणि एवढ्याशा वस्तूचा फोटो काढतात तरी कसा? – एक वाचक

उत्तर : फोटो नाही हो तो! स्फटिकांवर क्ष-किरण सोडणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग, त्यामुळे हा प्रश्न मला घरीदारी सगळीकडे गाठतो.

आधी एन्झाइमचं काम सांगतो. पेशीत डीएनए-आरएनए मोडले की हायपोझँथिन आणि ग्वानिन सुटे पडतात. ते तसेच सोडले तर त्यांचं युरिक ॲसिड होतं. एचजीपीआरटी त्यांना साखर-फॉस्फेट जोडून पुन्हा कामाला लावतं. हे एन्झाइम जन्मतः जवळजवळ निकामी असलं तर लेश-नायहान हा भयंकर आजार होतो. मुलं स्वतःचेच ओठ आणि बोटं चावतात. आजाराचं वर्णन १९६४ मध्ये झालं, कारण १९६७ मध्ये सापडलं, एन्झाइमची रचना मात्र १९९४ मध्ये हाती आली.

आता 'फोटो'. शुद्ध प्रथिनाच्या थेंबात स्फटिक वाढवायचा. (पुष्कळदा मोठ्या कौतुकानं उचललेला स्फटिक चक्क मिठाचा निघतो.) तो सूक्ष्मदर्शकाखाली नायलॉनच्या इवल्याशा फाशात उचलायचा, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचा आणि क्ष-किरणांसमोर फिरवायचा. हाती येतात नुसते ठिपके. त्यांची तीव्रता मोजता येते, तरंगांची फेज (म्हणजे त्यांचे चढ-उतार नेमके कुठं येतात ते) मात्र हरवते. ती आडवाटेनं मिळवावी लागते. मग गणितातून इलेक्ट्रॉनांच्या घनतेचा नकाशा निघतो आणि त्यात अमिनो आम्लांची साखळी बसवतात. फिती ही त्यानंतरची चित्रकला, साखळी कुठं कशी वळते ते नजरेला कळावं म्हणून.

अँगस्ट्रॉम म्हणजे मिलीमीटरचा एक कोटीवा भाग. आकडा लहान, तितका तपशील जास्त. अडीचला हायड्रोजन दिसत नाहीत, पण साखळीतल्या १६५ क्रमांकाच्या अमिनो आम्लाची, लायसिनची, लांब शेपटी ओळखू येते. तिनं ग्वानिनचा ऑक्सिजन धरलेला आहे. हायपोझँथिनलाही तो ऑक्सिजन असतो, डीएनएतल्याच ॲडेनिन या दुसऱ्या घटकाला नसतो. म्हणून ॲडेनिनला इथं थारा नाही.

पुस्तकं एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. चित्रात असते ती एन्झाइमची एकच पोझ. १९९४च्या रचनेत जीएमपी, म्हणजे साखर-फॉस्फेट जोडलेलं ग्वानिन, एन्झाइमच्या उघड्या खाचेत बसलेलं आहे, बाहेरच्या पाण्याला सामोरं. पुढे १९९९ मध्ये अभिक्रियेच्या ऐन मधल्या अवस्थेची नक्कल करणारं संयुग बसवून २ अँगस्ट्रॉमची रचना काढली, तर साखळीचा एक हलता वळसा खाचेवर येऊन बसलेला! पाण्याला आत वावच नाही.

दोन्ही रचना प्रोटीन डेटा बँकेतून कुणालाही फुकट उतरवता येतात. संकेत आहेत '१एचएमपी' आणि '१बीझेडवाय'. मुलाला म्हणावं, एकावर एक ठेवून फिरव, आणि शंभराव्या अमिनो आम्लाच्या पुढचा भाग नीट बघ.