पावलाचं हाड मोडलंय, प्लास्टर आहे. तोवर फिट कसं राहायचं?

सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, मग व्यायाम कसा करायचा, असं तुम्ही विचारलंय. जिन्यात पाय मुरगळून माझं करंगळीच्या बाजूचं हाड मोडलं होतं, त्यामुळे हे दिवस मला चांगलेच ठाऊक आहेत.

पहिला आठवडा सूज उतरवण्याचा. आडवं पडून पाय उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवा. बोटं मात्र अधूनमधून हलवत राहा.

मग डॉक्टरांना विचारून पलंगावरच सुरुवात करा. प्लास्टरचा पाय गुडघ्यात न वाकवता वीतभर उचला, पाच आकडे मोजा, हळूच खाली आणा. असं दहा वेळा. प्लास्टर जड, मांडी थरथरते. पण वापर थांबला की मांडीचा स्नायू फार लवकर वाळतो, म्हणून हे टाळू नकाच. खुर्चीत बसून लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या डोक्यावर उचलत राहिलात की घाम फुटतो. कुबड्या वापरताना भार तळहातांवर घ्या. काखेत घेतला तर तिथल्या नसा दबतात.

वजन वाढेल या भीतीने जेवण तोडू नका. हाड जुळायला प्रथिनं आणि कॅल्शियम लागतं: उसळ, दही, अंडी, नाचणीची भाकरी. तंबाखू, सिगारेट असेल तर आत्ताच सोडा, त्याने हाड जुळायला वेळ लागतो.

पोटरी सुजून ठणकू लागली किंवा बसल्याजागी धाप लागली, तर लगेच दवाखाना गाठा. रक्ताची गुठळी असू शकते.