इंडी ऐकणाऱ्याने संगीताच्या कोणत्या बातम्या वाचाव्यात, आणि कॉन्सर्ट मोठी की छोटी?

तुमचे प्रश्न दोन आहेत. नुकतंच इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरचं स्वतंत्र संगीत, ऐकायला लागल्यावर संगीताच्या रोजच्या बातम्यांमधलं खरंच महत्त्वाचं काय? आणि पैसे एकाच कॉन्सर्टपुरते असतील तर मोठ्या नावाच्या मागे जावं की छोट्या हॉलमध्ये? दुसऱ्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो: छोट्या हॉलमध्ये. त्याचं कारण पहिल्या प्रश्नात दडलेलं आहे, म्हणून तिकडे वळतो.

संगीताच्या बातम्यांत अर्ध्याहून जास्त माल जाहिरातीचा असतो. कुणाचा अल्बम कधी येतोय, कुणी कुणाला टोमणा मारला, एकच रेकॉर्ड किती रंगांत निघाली. हे वाचलं नाही तरी काही अडत नाही. अल्बम चांगला असेल तर महिन्याभरानेही तो चांगलाच असतो. मी बातमीत एकच बघतो, पैसा कुठून निघाला आणि कुठे पोचला. दोनेकशे माणसांसमोर वाजवणारा बँड आजचा कार्यक्रम आटपून उद्या पुढच्या गावी जाऊ शकेल का, हे ज्या बातमीवरून कळतं तिच्यावर वेळ घालवावा, बाकीच्यांवर नुसती नजर फिरवली तरी चालतं.

ओएसिस या ब्रिटिश रॉक बँडचं उदाहरण घ्या. ऑगस्ट 2024 मध्ये त्यांच्या पुनरागमनाची तिकिटं विकायला निघाली आणि दीडशे पौंडांच्या आसपासचं उभं राहायचं तिकीट ऑनलाइन रांगेत ताटकळलेल्या लोकांना साडेतीनशेच्या वर दिसू लागलं. सगळे 'डायनॅमिक प्रायसिंग'च्या, म्हणजे मागणीप्रमाणे किंमत आपोआप चढवण्याच्या, नावाने बोटं मोडू लागले. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने चौकशी केली तेव्हा मात्र अल्गोरिदमने किंमत चढवल्याचा पुरावा मिळाला नाही. उभ्या तिकिटांच्या दोन किमती होत्या. स्वस्तातली संपली की महागातली बाहेर काढली जात होती, आणि रांगेतल्या माणसाला हे आधी धड सांगितलेलं नव्हतं. म्हणजे शिव्या योग्य होत्या, कारण चुकीचं होतं.

या गदारोळात मागे पडलेली गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. 31 मे 1993 च्या रात्री ग्लासगोतल्या 'किंग टट्स वा वा हट' नावाच्या, जेमतेम 300 माणसं मावतील अशा जागेत, इतर बँडच्या आधी, ओएसिस थोडा वेळ वाजले. क्रिएशन रेकॉर्ड्स या लेबलचा, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचा, अ‍ॅलन मॅगी तिथे हजर होता आणि त्याने त्यांना लेबलवर घ्यायचं ठरवलं. पुढच्याच वर्षी पहिला अल्बम आला. (क्रिएशनला लोक इंडी लेबल म्हणतात, पण त्याचा जवळजवळ अर्धा हिस्सा 1992 मध्येच सोनीने घेतला होता. तेव्हा इंडीच्या सोवळ्याओवळ्यात फार अडकू नका.) स्टेडियम भरणारे बँड स्टेडियममध्ये तयार होत नाहीत, ते अशा खोल्यांमध्ये तयार होतात. ब्रिटनमधल्या 'म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट'च्या हिशोबाने 2023 या एका वर्षात तिथल्या अशा 125 जागा बंद पडल्या किंवा तिथलं जिवंत संगीत थांबलं. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

उपायही तिथेच सुचवला गेलाय. स्टेडियमच्या आणि अरीनाच्या प्रत्येक तिकिटामागे 1 पौंड काढायचा आणि तो छोट्या जागांसाठी वापरायचा. 2024 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने त्याची शिफारस केली, सरकारनेही मान डोलावली, पण सक्ती केली नाही. ज्याला द्यायचं त्याने द्यावं. कोल्डप्लेने 2025 च्या वेम्बली आणि हल इथल्या आपल्या कार्यक्रमांच्या कमाईतले 10 टक्के देऊ केले. मला त्यांचं संगीत गुळमट वाटतं, पण या बाबतीत त्यांना मानलं. तरी माझं मत असं की मर्जीवर सोडलेली वर्गणी शेवटी चार भल्या माणसांच्या खिशातून जाते आणि बाकीचे टाळ्या वाजवतात.

आता दौऱ्याचा हिशोब. 2022 मध्ये लिटल सिम्झ या ब्रिटिश रॅपरने अमेरिकेचा दौरा रद्द केला. स्वतंत्र कलाकार म्हणून सगळा खर्च स्वतःच्या अंगावर होता आणि महिनाभर फिरून मोठा खड्डा पडणार होता. त्याच वर्षी तिला मर्क्युरी प्राइझ हे वर्षातल्या उत्तम अल्बमचं ब्रिटिश पारितोषिक मिळालं, म्हणजे नाव नव्हतं अशातला भाग नाही. ऑक्टोबरात अ‍ॅनिमल कलेक्टिव्ह या अमेरिकन बँडने युरोपचा दौरा रद्द केला. सगळं मनासारखं झालं तरी तोटाच होतोय, असं त्यांनी उघड सांगितलं. महागाई, घसरलेलं चलन, वाहतुकीचे वाढलेले दर, अशी कारणं दिली. तुमचा आवडता बँड 'काही अपरिहार्य कारणांमुळे' येत नाही तेव्हा घशाच्या दुखण्याआधी मला हाच हिशोब आठवतो.

अशा वेळी बँडला हात देतं ते मर्चचं, म्हणजे बँडचे टी-शर्ट वगैरे विकायचं, टेबल. पण तिथेही वाटेकरी असतात. बऱ्याच जागा टी-शर्टच्या विक्रीतून शेकडा वीस-पंचवीसपर्यंत हिस्सा कापतात, तोही बहुधा एकूण विक्रीवर, नफ्यावर नव्हे. छपाईचा खर्च वजा जाता बँडच्या हातात किती उरतं ते तुम्हीच ताडा. सप्टेंबर 2023 मध्ये लाइव्ह नेशन या बड्या कॉन्सर्ट कंपनीने आपल्या क्लबमध्ये ही कापणी बंद केली आणि प्रत्येक कार्यक्रमामागे बँडला प्रवासखर्चापोटी 1,500 डॉलर देऊ केले. वाचून मला बरं वाटलं होतं. मग अमेरिकेतल्या स्वतंत्र जागांच्या संघटनेने त्याला विरोध केला, आणि त्यांचंही चूक नव्हतं. तिकीटविक्रीपासून स्टेडियमपर्यंत सगळं हाती असलेल्या कंपनीला ही उदारता परवडते. भाडं भरता भरता दमलेल्या छोट्या हॉलला ती परवडत नाही, आणि बँड मात्र साहजिकच तिकडे ओढले जातात. अशी बातमी दोन्ही बाजूंनी वाचल्याशिवाय कळत नाही.

स्ट्रीमिंगबद्दल एक गोष्ट डोक्यात पक्की करून ठेवा. तुम्ही महिन्याला भरलेले पैसे तुम्ही ऐकलेल्या कलाकारांत वाटले जात नाहीत. सगळ्यांचे पैसे एका हंड्यात जातात आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जितका वाटा, तितका त्याला मिळतो. तुम्ही महिनाभर एकच अनोळखी बँड ऐकलात तरी तुमच्या पैशातला बहुतेक भाग तुम्ही कधी न ऐकलेल्या बड्या नावांकडे जातो. त्यात 2024 पासून स्पॉटिफायवर, आधीच्या 12 महिन्यांत 1,000 वेळा वाजलं नसेल तर त्या गाण्याला रेकॉर्डिंगचं मानधन मिळत नाही. रक्कम इतकी किरकोळ असते की कलाकारापर्यंत पोचतच नाही, असा कंपनीचा युक्तिवाद. असेल. पण ती किरकोळ रक्कम पुन्हा हंड्यातच जाते, म्हणजे ज्यांचं ताट आधीच भरलंय त्यांच्याकडे.

म्हणून जुलै 2025 मध्ये किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड या बँडने स्पॉटिफाय सोडलं तेव्हा मी ती बातमी नीट वाचली. त्यांचं कारण वेगळं होतं. कंपनीच्या संस्थापकाने लष्करी तंत्रज्ञानात केलेली गुंतवणूक त्यांना पटत नव्हती. नंतर त्यांनी आपले अल्बम बँडकॅम्प या संगीत विकत देणाऱ्या साइटवर 'हवे तितके पैसे द्या' म्हणून ठेवले. त्याआधी 2024 मध्ये सिंडी लीने दोन तासांचा, 32 गाण्यांचा अल्बम कुठल्याही स्ट्रीमिंग सेवेवर न टाकता यूट्यूबवर आणि नव्वदच्या दशकातल्यासारख्या दिसणाऱ्या एका वेबपानावर ठेवला. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या साइटने त्याला दहापैकी 9.1 गुण दिले. प्रत्येकाने हे करावं असं मी म्हणणार नाही. ज्याच्यामागे आधीच चाहते आहेत त्याला दार आपटून जाता येतं, नवख्याला नाही. मी स्वतः स्ट्रीमिंग वापरतो, पण चाखून बघण्यापुरतं. अल्बम मनात बसला की बँडकॅम्पवरून विकत घेतो. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर साधारण 15 टक्के घेतं आणि ठरावीक शुक्रवारी तेही सोडून देतं. तीही काही धर्मशाळा नव्हे. 2022 मध्ये ते एपिक गेम्सने घेतलं, 2023 मध्ये साँगट्रेडर या दुसऱ्या कंपनीला विकलं आणि तिथल्या निम्म्या लोकांची नोकरी गेली.

पिचफोर्कचं नाव निघालंच आहे तर तेही सांगतो. जानेवारी 2024 मध्ये मालक कंपनीने ते जीक्यू या पुरुषांच्या मासिकात विलीन केलं. तिथून बाहेर पडलेल्या काहींनी 'हिअरिंग थिंग्ज' नावाचं संगीताचं संकेतस्थळ सुरू केलं. ते वाचा.

आणि 2025 च्या मध्यात गाजलेला 'व्हेल्वेट सनडाउन'. महिन्याला दहा लाखांवर श्रोते आणि बँड अस्तित्वातच नाही, सगळं एआयचं. लोक आवाज खरा की खोटा यावर भांडत बसले. माझ्या मते मुद्दा त्याच हंड्याचा आहे. या 'बँड'ला गाडी लागत नाही, झोपायला जागा लागत नाही, ड्रमरचं जेवण लागत नाही, आणि वाटा मात्र बरोबरीने मिळतो.

आता कॉन्सर्ट. छोट्या हॉलमध्ये तुम्हाला काम होताना दिसतं. गिटारवाली दोन गाण्यांच्या मध्ये वाकून स्वतःच ट्यूनिंग करते, कारण दुसरी गिटार हातात आणून देणारा माणूस नसतो. तेवढा वेळ बासवाला काहीतरी फालतू विनोद मारून भरून काढतो. ड्रमरच्या पायाशी जाड पेनाने लिहिलेली गाण्यांची यादी चिकटवलेली असते, तिच्यातलं चौथं गाणं खोडून त्यावर दुसरं लिहिलेलं. कार्यक्रम संपल्यावर तीच गिटारवाली केबल कोपरापासून अंगठ्यापर्यंत गुंडाळते आणि पाचेक मिनिटांनी टेबलामागे उभी राहून 'मीडियम संपले, लार्ज चालेल का?' विचारते. स्टेडियममध्ये यातलं काहीही दिसत नाही. तिथे पडदा बघायला मिळतो.

दोन सूचना. कानात घालायचे प्लग न्या. छोट्या खोलीत ड्रम फार जवळ असतात. आणि तिकीट 'ऐनवेळी दारावर काढू' असं म्हणत थांबू नका. आगाऊ विक्री थंड दिसली की आयोजक कार्यक्रम रद्द करतात, मग दारावर गर्दी झाली असती की नसती याला अर्थ उरत नाही. जमलं तर मुख्य बँडच्या आधी वाजवणाऱ्यांनाही पहिल्या गाण्यापासून ऐका. आवडले तर नाव टेबलावर विचारून घ्या. पोस्टरवर ते इतक्या बारीक अक्षरात छापलेलं असतं की शोधत बसावं लागतं.