सही करण्याआधी

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बराच वेळ गप्प होतास. चार वर्षं अमेरिकेतल्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा आधारस्तंभ, आणि आता हातात काय, तर कधी नाव न ऐकलेल्या गावातल्या क्लबचा करार. "सर, ही पायरी खाली उतरणंच ना?" असं विचारलंस. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

तू जिमर फ्रेडेटचं उदाहरण दिलंस. कॉलेजात चमकला आणि पुढे विझला, असं म्हणालास. मला तो तसा दिसत नाही.

२०१०-११ च्या हंगामात ब्रिगहॅम यंग विद्यापीठाकडून त्यानं सामन्यामागे २८.९ गुण काढले, देशात सर्वाधिक. त्या वर्षीचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडूही तोच. एनबीए या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये त्याचा दहावा नंबर लागला आणि तो सॅक्रामेंटो किंग्ज संघात गेला. पहिला हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादातल्या लॉकआउटमुळे तोकडा झालेला, त्यात सुरुवातीलाच प्रशिक्षक बदलले. पण मुख्य अडचण खेळातलीच होती. कॉलेजात चेंडू कायम त्याच्या हातात असे, प्रत्येक चाल त्याच्यापासून सुरू होई. एनबीएत सहा फूट दोन इंच उंचीच्या, फार चपळ नसलेल्या गार्डला, म्हणजे बास्केटपासून लांब खेळणाऱ्या खेळाडूला, कडेला उभं राहून पासची वाट पाहायची होती आणि समोरच्याला अडवायचं होतं. डिफेन्स कमी पडला, मिनिटं कमी होत गेली. एनबीएतली त्याची कारकिर्दीची सरासरी सामन्यामागे सहा गुणांवरच राहिली.

२०१६ मध्ये तो चीनमधल्या शांघाय शार्क्स संघाकडे गेला. संघाचा मालक तेव्हा एनबीए गाजवलेला चिनी खेळाडू याओ मिंग होता. पहिल्याच हंगामात जिमरनं सामन्यामागे ३७ हून जास्त गुण काढले. तिथल्या चाहत्यांनी त्याच्या नावावर कोटी करून (चिनीत 'जिमो' म्हणजे एकाकी) त्याला 'एकाकी देव' म्हणायला सुरुवात केली.

आता एक सामना लक्षात ठेव. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यानं एकट्यानं ७५ गुण केले आणि शांघाय एका गुणानं हरलं. परदेशी खेळाडूच्या खांद्यावर काय असतं, ते यात आलं. संघात परदेशी मोजकेच, आणि त्यांना आणलेलंच असतं सामना जिंकून द्यायला. महिनाभर हात चालला नाही तर क्लब दुसरा माणूस शोधायला लागतो. तुझ्या कॉलेजात एक वाईट आठवडा प्रशिक्षकांनी पोटात घातला, तसं तिथे होणार नाही.

या माणसाची तयारी कुठे झाली, ठाऊक आहे? शाळेत असताना थोरला भाऊ टीजे त्याला गावाजवळच्या तुरुंगात कैद्यांविरुद्ध खेळायला न्यायचा. अंगावर येणारे अनोळखी, दणकट लोक आणि भोवती त्यांचेच सोबती आरडाओरडा करतायत. परक्या कोर्टवर मान खाली न घालता खेळायचं तो तिथेच शिकला असणार. जानेवारी २००७ मध्ये याच भावानं त्याच्याकडून एका कागदावर सही घेतली होती: एनबीए गाठण्यासाठी लागेल ते कष्ट करीन. एनबीए त्यानं गाठलं, पण तिथे पाय रोवता आले नाहीत. कष्टांची सवय मात्र शांघायला कामी आली, पुढे अथेन्सच्या पॅनाथिनाइकोस क्लबमध्येही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला पस्तिसाव्या वर्षी तो थ्री-एक्स-थ्री, म्हणजे तीन-तीन खेळाडूंचं बास्केटबॉल, खेळायला उतरला. दुखापतीनं स्पर्धा अर्ध्यात सुटली, पण तिथवर तो खेळत होता.

मी बाविसाव्या वर्षी एका लहान गावाच्या संघाला नाही म्हटलं आणि मोठ्या संघाच्या बेंचवर दोन हंगाम काढले. ते दोन हंगाम अजून सलतात. म्हणून तुला सांगतो, जिथे रोज तीस मिनिटं खेळायला मिळतील तिथे जा. जाण्याआधी डिफेन्सवर दोन महिने घाम गाळ, तुझा डावीकडचा पाय अजून उशिरा सरकतो.

आणि करार नुसता पगाराचा आकडा पाहून वाचू नकोस. पैसे कोणत्या तारखेला, कोणत्या चलनात मिळणार? गुडघा दुखावला तर ऑपरेशनचा खर्च कोणाचा? मधेच काढलं तर उरलेले पैसे मिळणार का? वाद झाला तर तो जिनिव्हातल्या बास्केटबॉल लवादापुढे जाईल, असं कलम त्यात आहे का, तेही बघ. नसेल तर घालायला सांग. ते लेखी नसेल तर थकलेल्या पगारासाठी त्या देशाच्या कोर्टात, त्यांच्या भाषेत भांडत बसावं लागेल.

सगळी पानं स्कॅन करून रविवारपर्यंत मला पाठव. मी वाचेपर्यंत सही करू नकोस.

तुझा,
सर