पिसे झिजतात आणि रंग उजळतो

प्रश्न : कंबर तलावाशेजारच्या उद्यानात मी रोज सकाळी फिरावयास जातो. दिवाळीच्या सुमारास तेथे एका झुडपाखाली शेपटी थरथरवणारा मळकट राखाडी पक्षी दिसे. आता फेब्रुवारीत त्याच जागी काळ्याभोर छातीचा व विटकरी पोटाचा पक्षी दिसतो. हा दुसराच पक्षी आहे काय? सायंकाळी थव्याने जाणाऱ्या भोरड्याही अलीकडे अधिक गुलाबी वाटतात. हा दृष्टिभ्रम तर नव्हे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण पाहता तो थिरथिरा हा हिवाळी पाहुणा पक्षी असून, हिवाळाभर ठरावीक जागा धरून राहण्याची त्याची सवय पाहता दिवाळीतला नर तोच असण्याची शक्यता बरीच आहे. विणीनंतर त्याला नवी पिसे येतात, तेव्हा छातीवरच्या काळ्या पिसांच्या टोकांना राखाडी किनार असते. ही किनार हिवाळ्यात हळूहळू झिजते आणि खालचा मूळचा काळा रंग उघडा पडतो. वापराने कापड विटते, हे गिरण्यांच्या या गावाला सांगावयास नको. येथे मात्र झिजेनेच रंग चढतो. दिवाळीतल्या त्या पक्ष्याच्या छातीवर काळा रंग मुळीच नसेल, सर्वांग तपकिरीच असेल, तर ती मादी होती असे समजावे.

भोरड्यांच्या, म्हणजे गुलाबी मैनांच्या, बाबतीतही हेच घडते. त्यांच्या गुलाबी पिसांवरील फिकट कडा मार्च-एप्रिलमध्ये विणीसाठी मायदेशी परत निघण्यापूर्वी झिजून जातात. तरीही आपली ही दुसरी नोंद मी सकाळी पडताळून पाहण्यास सांगेन, कारण मावळतीचे ऊन कोणत्याही फिकट पक्ष्याला गुलाबी करते. शिवाय थव्यात गतवर्षीची मळकट पिल्लेही असतात. ज्वारीची काढणी होत आली, की भोरड्या मधासाठी पळस, पांगारा व काटेसावरीच्या फुलांवर उतरतात. तेथे त्या जवळून आणि निवांत पाहता येतात. ज्या भोरडीवर आपला शेतकरी गोफण उगारतो, तिनेच नाकतोडे व टोळ खावेत म्हणून चीनच्या शिनजियांग प्रांतात तिच्यासाठी मुद्दाम घरट्यांची सोय केली जाते.

मात्र प्रत्येक पक्ष्याचा रंग झिजेनेच बदलतो, असे नाही. त्याच उद्यानात हिवाळ्यात पिवळट पोटाचा आणि गळ्यापासून खाली एकच काळी रेघ असलेला जो शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी, दिसतो, तो नर खरोखरच पिसे टाकून नवी जांभळी पिसे धारण करतो, आणि या दिवसांत अर्धामुर्धा रंगलेला सापडतो.

झाडांची पानगळ झाल्याने पक्षी सध्या सहज नजरेस पडतात. परंतु नऊनंतर ऊन तापते, म्हणून सूर्योदयानंतरचे दोन तास साधावेत. आपल्या थिरथिऱ्याचे झुडूप रोज पाहावे आणि तो ज्या दिवशी शेवटचा दिसेल ती तारीख वहीत लिहून ठेवावी. पुढील ऑक्टोबरात तेथेच पुन्हा पाहावयाचे आहे.