मुंबईत बेघरांसाठी नियमानुसार किती रात्रनिवारे हवेत?

साधारण १२४. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांनुसार दर १ लाख शहरी लोकसंख्येमागे वर्षभर, चोवीस तास चालणारा एक निवारा हवा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानेही (२०१३) हेच प्रमाण ठेवलं. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती, त्यावरून हा आकडा येतो. माणशी किमान ५० चौरस फूट धरायचे, म्हणजे १०० जणांच्या निवाऱ्याला झोपण्यापुरतीच ५,००० चौरस फूट जागा लागते. स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास वेगळे. घोडं अडतं ते इथेच. मग जागा मिळते ती शहराच्या टोकाला, आणि हमाल किंवा नाका कामगार तिथे जात नाही, कारण पहाटेचं काम स्टेशन-बाजाराजवळ असतं. कुटुंबं तर पुरुषांच्या निवाऱ्यात राहूच शकत नाहीत. महिला आणि कुटुंबांसाठी वेगळे निवारे आराखड्यातच दाखवावे लागतात.

मात्र हे प्रमाण एकूण लोकसंख्येवर आहे, बेघरांच्या संख्येवर नाही. त्याच जनगणनेत मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर मोजले गेले (ही मोजणी एका रात्रीत उरकतात, त्यामुळे आकडा कमीच धरा). प्रत्येकी १०० जणांचे १२४ निवारे पूर्ण उभे राहिले तरी सोय १२,४०० जणांची.